दुलीचंदभाऊंचं भर दुपारचं भूत

दुलीचंदभाऊ रहांगडाले कुणाशीही बोलायला लागले की आधी डावा डोळा मिटायचे. नवख्या माणसाचा त्यामुळे फार घोटाळा व्हायचा. एकदा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात सातबाऱ्याच्या प्रती काढायला एक बाई आल्या होत्या. तलाठ्याचं ऑफिस कुठे, असं त्यांनी भाऊंना विचारलं. भाऊंनी डोळा मिटून मोठ्या आपुलकीनं रस्ता सांगितला आणि बाई तणतणत भलत्याच दिशेनं निघून गेल्या. जाताना मला सुनावून गेल्या, तुमच्या शेजाऱ्याला वयाची तरी लाज असावी. आता त्यांना कोण सांगणार, की बत्तीस वर्षं हा माणूस लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा उजव्या डोळ्याला लावून जगला आहे आणि डावा डोळा मिटल्याशिवाय त्याला समोरचं माणूस नीट दिसतच नाही.

दुसरी खोड मागे सरकण्याची. वरातीचं शूटिंग करणाऱ्याला वरातीपुढे, वरातीकडेच तोंड करून, उलटं चालावं लागतं. तिरोडा तालुक्यातल्या निम्म्या गावांत भाऊ शिरले ते पाठमोरेच. ती सवय अंगात इतकी मुरली होती की साध्या गप्पा मारतानाही ते पाऊल पाऊल मागे जायचे. बसस्टँडच्या गल्लीत आमची दुकानं एका भिंतीला लागून, आणि दोन्ही दुकानांपुढे उघडी नाली. नाली आली की भाऊ न बघता थांबायचे. माझ्या देखत तीनदा थांबले नाहीत.

त्यांच्या दुकानाचं नाव होतं 'वरमाला व्हिडिओ शूटिंग'. भाऊंनी नुसती लग्नं टिपली नाहीत, त्यांनी सगळा तालुका शिकवून तयार केला. कॅमेरा वळला की थांबायचं, इकडं पाहायचं आणि 'हसा जरा' म्हटलं की हसायचं. आहेर देताना पाकीट छातीजवळ धरून पाच आकडे मोजायचे. विहिणीनं विहिणीला लाडू भरवताना तोंड उघडून तसंच ठेवायचं, कारण भाऊंना तो लाडू तीन बाजूंनी हवा असायचा. आजही आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाकडे कुणी नुसता मोबाईल रोखला, तरी ते गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसतं. हे भाऊंचं काम.

एवढ्या सगळ्या चेहऱ्यांमध्ये एक चेहरा मात्र त्यांना कधी मिळाला नव्हता, आणि तो त्यांच्या घरातलाच होता. धाकट्या भावाची बायको सरिता. त्यांच्या घरात जुनं वळण अजून पाळतात. सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, नाकाच्या खालपर्यंत पदर ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. चहा हवा का, हे सुद्धा जावेला किंवा भिंतीला विचारते. त्यामुळे घरातल्या बारशापासून गृहप्रवेशापर्यंत प्रत्येक व्हिडिओत सगळे हसताहेत आणि मधोमध एक पदर उभा आहे. भाऊ चिडवत म्हणायचे की आख्ख्या तालुक्याचं शूटिंग केलं, एक पदर तेवढा बाकी आहे. बाकी घरात हीच सरिता नकलांसाठी प्रसिद्ध होती. डोळे बटाट्याएवढे काढून ती अशी बघायची, की जेवताना त्रास देणारं पोर ताट चाटून पुसून मोकळं व्हायचं. भाऊंची बायको शकुनवहिनी हसून हसून हे सांगायची. घरात सगळ्यांनी ते डोळे पाहिले होते, फक्त भाऊंनी नाही.

मग भाऊंचा हात हलायला लागला.

पहिल्यांदा कळलं ते एका वधूपित्याला. तो व्हिडिओ घेऊन दुकानात आला आणि शांतपणे म्हणाला की आमच्या मांडवात भूकंप झाला होता हे आम्हाला तुमच्यामुळेच समजलं. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आजाराचं लांबलचक नाव दिलं आणि हे वाढत जाणार असंही सांगून टाकलं. तोवर नवे शूटिंगवाले आले होते. त्यांच्याकडे कॅमेरा स्थिर धरणारी दांडी होती, वर घिरट्या घालणारा ड्रोन होता. भाऊ त्या दांडीला पाळणा म्हणायचे आणि तिला हात लावायचे नाहीत. एकेका घरातून निरोप यायला लागला की या वेळी राहू द्या भाऊ, तुम्ही नुसते जेवायला या. भाऊंचा जावई म्हणाला, कॅमेरा विकून टाका. शकुनवहिनीही तेच म्हणाली. ज्या लग्नांत भाऊ कधी बसून जेवले नव्हते तिथे ते पंगतीत बसू लागले, आणि हात हलत असल्यामुळे वरण सांडू लागले. मला ते बघवायचं नाही. मी त्यांची थट्टा करायचो खरी, पण ती थांबवली तर त्यांना माझी कीव दिसेल या भीतीनं.

एके दुपारी लाइट गेली. झेरॉक्स बंद, गल्ली सुस्त. वेळ जावा म्हणून मी मोबाईलवर एक भुताचा सिनेमा लावला आणि भाऊ शेजारी येऊन टेकले. सिनेमा परदेशी, त्या एका ठरावीक जातीचा: चार जण कॅमेरा घेऊन जंगलात जातात, परत येतच नाहीत, पुढे कुणाला तरी नुसता कॅमेरा सापडतो आणि त्यात जे निघालं तेच आपण बघायचं. ना गाणं, ना नीट उजेड. अर्धा वेळ जमीन दिसते, अर्धा वेळ कुणाचा तरी बूट. मला वाटलं भाऊ कंटाळतील. भाऊंनी डावा डोळा मिटला आणि शेवटपर्यंत उघडला नाही. संपल्यावर म्हणाले, परत लाव. लाइट आली, गिऱ्हाईक आलं, ताटकळून गेलं, तरी यांचं तिसऱ्यांदा चालूच. भुताकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"हा मानूस माह्यावानीच हालून राहिला, विनू," ते म्हणाले. "आन लोकं ह्याले पाहून भेतेत."

त्या दिवसापासून माझ्या दुकानाची शाळा झाली. असले सिनेमे शोधून लावायचे ही माझी ड्यूटी, आणि ते का चांगले हे सांगायची भाऊंची. आजवर या विषयावर मी बऱ्याच शिकलेल्या माणसांचं ऐकलं, पण धंद्यातल्या माणसाइतकं नेमकं कुणी बोललं नाही. भाऊंचं म्हणणं साधं होतं. मोठ्या सिनेमात बाई एकट्या खोलीत जाते आणि किंचाळते. पण ती एकटी कुठे आहे? समोर शूटिंगवाला उभा आहे, लाइटवाला आहे, चहावालाही असेल. इतक्या गर्दीत भूत आलं तर पळेल तेच. या सिनेमात मात्र जो भितो त्याच्याच हातात कॅमेरा. तो मेला की शूटिंग बंद. आणि भूत नीट दिसत नाही ते बरंच, कारण खऱ्या आयुष्यात नीट कोण दिसतं, आपले पाहुणे सुद्धा दिसत नाहीत. हे सगळं सांगून झालं की एक वाक्य ठरलेलं असायचं. "भूत कायले दाखवाचं? भेनाऱ्याचा हात दाखवाचा."

आठवड्याभरात ते वाक्य माझ्या अंगावर आलं. भाऊंना सिनेमा काढायचा होता. त्यांना त्यातून नाव नको होतं, कामंही नको होती. हलत्या हातानं काढलेलं काहीतरी लोकांनी एकदा शेवटपर्यंत बसून पाहावं, एवढंच हवं होतं. मग कॅमेरा विकायचा असेल तर विका म्हणाले. शकुनवहिनीनं ही अट ताबडतोब मान्य केली.

गोष्ट त्यांनीच रचली. एक शूटिंगवाला वरातीबरोबर निघतो, धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, वाट चुकते आणि वरात कधीच पोचत नाही. पुढे बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या बांधावर, कॅमेरा सापडतो. नाव 'वरात आली नाही'. शूटिंग भाऊंच्या गावात, तिरोड्यापासून सात किलोमीटरवर, आणि तेही भर दुपारी. मी म्हटलं, भाऊ, भूत दुपारी? ते म्हणाले की अंधारात तर कुणालाही भेव लागतं, त्यात कलाकारी काय. धान पिवळं पडायला आलं असताना दुपारी दोन वाजता एकट्यानं बोडीवरून जाऊन ये, मग बोल. मी जाऊन आलो. पुढे बोललो नाही.

पहिल्याच दिवशी दाणादाण. वरातीतली वीस माणसं पाळीवरून जिवाच्या आकांतानं पळताहेत, असा प्रसंग. मी रुमाल हलवला, वीस माणसं धावत सुटली. भाऊंनी कॅमेरा वळवला मात्र, वीसच्या वीस जागच्या जागी थांबली. सदरे सारखे झाले, टोप्या सरळ झाल्या. उंच होते ते आपण होऊन मागच्या रांगेत गेले. एका काकूनं कनवटीचा लाडू काढून शेजारणीच्या तोंडाशी धरला आणि शेजारीण तोंड उघडून तशीच उभी राहिली. आणि बत्तीस वर्षांची सवय, कॅमेऱ्यामागून भाऊंचा आवाज आला, "हसा जरा." भुताच्या तावडीत सापडलेली वरात बोडीच्या पाळीवर रांगेत उभी राहून हसली. हे चार वेळा झालं. पाचव्यांदा लाडू संपले म्हणून थांबलो.

त्याहून मोठा गोंधळ माझ्या मशीनवर झाला. भाऊंच्या मते असा सिनेमा बघायच्या आधीच लोकांना तो खरा वाटायला हवा. म्हणून पोस्टर करायचं नाही, पत्रक करायचं: 'हरवले आहेत', खाली सहा गावकऱ्यांचे फोटो, 'वरातीला गेले ते परत आले नाहीत'. मी पन्नास प्रती काढल्या आणि बसस्टँडपासून आठवडी बाजारापर्यंत चिकटवल्या. कुणीतरी त्याचा फोटो काढून मोबाईलवर पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी लांजीहून एक जीप भरून माणसं उतरली. पत्रकातल्या सुखरामची सासुरवाडी होती ती. सासूबाई जीपमधूनच रडत आल्या. सुखराम तेव्हा माझ्या दुकानासमोर आलुबोंडा खात होता. सासूनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, डोळे पुसले आणि विचारलं, "हरवले नाई तं कागद कायले लावला?" सुखरामनं हातातला आलुबोंडा तिच्यापुढे केला. मी शटर अर्धं ओढलं. भाऊ मात्र डोळा मिटून आनंदात. सिनेमा व्हायच्या आधीच चालला, म्हणाले.

आता राहिला होता शेवटचा प्रसंग, भूत येण्याचा. पाळीवर कुणी नाही, वारा पडलेला. समोरून नवरीच्या साडीतलं भूत चालत येतं, थेट कॅमेऱ्यापाशी थांबतं, डोळे काढून बघतं आणि शूटिंगवाल्याच्या हातून कॅमेरा पडतो. आडव्या पडलेल्या कॅमेऱ्यात गवत दिसतं. समाप्त. यासाठी डोळे कुणाचे, यावर घरात एकमत होतं. सरितानं हो म्हटलं, अर्थात शकुनवहिनीच्या मार्फत.

सरिता केस मोकळे सोडून आली तेव्हा मी खरंच दचकलो. पाळीवरून ती अशी संथ येत होती की धानातला बगळा उडून गेला. दहा पावलं, पाच पावलं. मग तिला कॅमेऱ्याखाली भासऱ्याच्या चपला दिसल्या. भूत थबकलं, पदर नाकाखाली ओढून पाठमोरं झालं आणि तसंच उभं राहिलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. अकरा वेळा तेच. मला नको बघू, कॅमेऱ्याला बघ, असं भाऊंनी शकुनवहिनीकडे बघत सांगितलं. सरितानं उत्तर दिलं ते बोडीला. "कॅमेऱ्याच्या मांगं कोन हाय ते मले मालूम हाय ना, जाऊबाई."

मी म्हटलं, द्या कॅमेरा माझ्याकडे, तुम्ही झाडामागे जा. भाऊंनी नकारार्थी मान हलवली.

"तुहा हात हालत नाई, विनू. तू हालवशीन."

त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आठवतं. एवढ्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं की हे काम तुमच्या या हातानंच होईल, आणि ते आज त्यांना स्वतःलाच म्हणावं लागत होतं. शेवटी अकरावा प्रयत्न तसाच ठेवला. पाठमोरं भूत, पदर ओढलेला, आणि पुढे कॅमेरा पडतो. डोळे राहिले ते राहिलेच. भाऊ उदास झाले. आपला सिनेमा भुताविनाच गेला म्हणाले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. संध्याकाळी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, मग नाटक. नाटकाच्या मांडवात आमच्या सिनेमाला जागा मिळेना, म्हणून दुपारी तीनला समाजमंदिरात लावला. खिडक्यांना बारदाना ठोकला, प्रोजेक्टर एका डीजेवाल्याचा आणला. गाव लोटलं. लांजीची सासूबाई पुढच्या रांगेत बसली. आलोच आहोत तर जावई कसा हरवला ते पाहून जाऊ म्हणाली. भाऊ बसले नाहीत. दाराजवळ उभे राहिले, दोन्ही हात बगलेत दाबून.

पहिला अर्धा तास हसण्यात गेला. जो तो आपला चेहरा ओळखून ओरडत होता. पाळीवरची वरात थांबली, लाडू आला, 'हसा जरा' ऐकू आलं आणि समाजमंदिर डोक्यावर घेतलं लोकांनी. मी भाऊंकडे बघायचं टाळलं. हसून लोक उठून जाणार आणि उद्या कॅमेरा विकला जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग पाळ रिकामी झाली. भूत आलं. पडद्यावरची चौकट थरथरत होती, अगदी एखाद्याच्या काळजाला धडकी भरल्यावर थरथरावी तशी. हसणं एकेका कोपऱ्यातून थांबलं. भूत पाच पावलांवर आलं, थबकलं, पदर ओढून पाठमोरं झालं. तेवढ्यात मागच्या भिंतीशी बसलेली एक म्हातारी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कोन्या घरची सून होय वो ते?"

समाजमंदिरात असा शहारा गेला की मला बाकावर जाणवला. मोकाट भुताचं काय, ते कुणाच्याही वाट्याला जाईल. पण पदर ओढणारं भूत नातं ओळखतं. म्हणजे ते आपल्यातलंच, कुणाच्या तरी उंबऱ्यातून गेलेलं, आणि ज्याच्या हातात कॅमेरा आहे तो त्याचा कोणीतरी लागतो. कॅमेरा पडला, गवत दिसलं, संपलं. तरी माणसं बसून राहिली. पुढे महिनाभर धान कापायला जाणाऱ्या बाया बोडीवरून एकट्या जाईनात. बांध्यांवर जायला दोन कोस वळसा पडू लागला, तेव्हा सरपंच भाऊंकडे तक्रार घेऊन आले. ती तक्रार भाऊंनी मला पाच-सहा वेळा शब्दशः सांगितली.

धंद्याचं म्हणाल तर काही फरक पडला नाही. पण कॅमेऱ्याच्या विक्रीचं कुणी पुन्हा काढलं नाही. जावयानंही नाही. फक्त ते डोळे राहिले, हे भाऊंच्या मनातून गेलं नाही. माझ्यापाशी अधूनमधून म्हणायचे की चांगला झाला सिनेमा, पण एक शॉट कमी आहे.

होळीनंतर हाताचा कंप फारच वाढला. पायालाही यायला लागला. उलटं चालणं बंद झालं, मग सुलटंही कठीण झालं. मुलगी नागपूरला, ती म्हणाली इथेच या. आम्ही दहा-बारा जण नागपूरकडे जाणाऱ्या सकाळच्या इतवारी पॅसेंजरला त्यांना पोचवायला गेलो. शकुनवहिनीनं खिडकीशी बसवलं. गाडी हलली तसा भाऊंनी खिशातून मोबाईल काढला, दोन्ही हातांनी धरला, डावा डोळा मिटला. आणि आम्ही सगळे, मी धरून, प्लॅटफॉर्मवर रांगेत ताठ उभे राहिलो. आयुष्यभर ते आमच्यापुढे उलटे चालले, त्या दिवशी गाडीनंच त्यांना तसं नेलं. मी हात हलवायचाही विसरलो. त्यानंतर भाऊ मला दिसले नाहीत. पावसाळा सरता सरता नागपुरातच वारले.

तो व्हिडिओ मात्र त्याच सकाळी माझ्या मोबाईलवर आला होता, गाडी तुमसरलाही पोचली नसेल तोवर. सगळा प्लॅटफॉर्म थरथरतो आहे. आम्ही एका ओळीत उभे आहोत, माझा चेहरा पोलीस ठाण्यातल्या फोटोसारखा. माझ्या शेजारी एक पदर. सगळ्यांच्या नजरा मोबाईलवर आणि माझीही, त्यामुळे शेजारी काय चाललंय हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. गाडी वेग घेते, आम्ही लहान व्हायला लागतो, तेवढ्यात तो पदर वर जातो. सरिता थेट कॅमेऱ्यात बघते, थेट भासऱ्याकडे, आणि बटाट्याएवढे डोळे काढते.

मोबाईल हातून पडतो. मग डब्याची आडवी फरशी दिसते, शेंगांची टरफलं, कुणाची तरी निळी चप्पल, शकुनवहिनीच्या साडीचा काठ. आणि वरून कुठूनतरी भाऊंचं हसणं ऐकू येतं, बराच वेळ.